आपली आडनावं संग्रहालयात शोधताना

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



'आवर्जून पाहावीत अशी संग्रहालयं' या विषयावर मला बोलायला सांगितलंय. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी संग्रहालयं बघत फिरतो, एवढीच माझी पात्रता.

या नादामागे एक कारण आहे. नवीन ऑफिस असो की नवीन कॉलेज, आपण बोलायला लागलो की समोरचा कौतुकाने विचारतो, "अरे वा, तुमचं मराठी छान आहे! कुठे शिकलात?" तुमच्यापैकी अनेकांनी हे ऐकलं असेल. विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. पण आपण कुठून तरी बाहेरून आलो, हे त्याने धरूनच ठेवलेलं असतं. मग आपल्यातले काहीजण चिडून बादशहांची यादी काढतात. ताजमहाल कुणी बांधला, लाल किल्ला कुणी बांधला!

मला हे उत्तर पटत नाही. इथे बसलेल्या कितीजणांचे पणजोबा नवाब होते? आपली आडनावं बघा. तांबोळी, बागवान, आतार, मणियार, शिकलगार, मोमीन, पिंजारी. पान विकणारे, फळं-भाजी विकणारे, अत्तर विकणारे, बांगड्या भरणारे, शस्त्रांना धार लावणारे, कापड विणणारे, कापूस पिंजणारे. महाराष्ट्राच्या गावोगावच्या बाजारात हात चालवणारी ही माणसं. लढाया आणि तहांच्या इतिहासात ती सापडत नाहीत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या वस्तू मात्र संग्रहालयात सापडतात. म्हणून मी चार संग्रहालयं सुचवणार आहे आणि प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न घेऊन जा असं सांगणार आहे. ही वस्तू कुणी बनवली? कुणी वापरली? आणि पाटीवर नाव कुणाचं आहे?

सुरुवात पुण्यातून करा. शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला आणि त्याच्या आठवणीत या माणसाने आयुष्यभर वस्तू जमवल्या. संग्रह वीस हजारांच्या वर गेला. इथे राजांचे मुकुट शोधू नका. इथे दिवे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, कोरीव दारं आहेत, वाद्यं आहेत आणि अडकित्ते आहेत. माझं आजोळ तांबोळ्यांचं. आजीच्या पानाच्या डब्यात एक अडकित्ता असायचा, त्याला हात लावला की ती ओरडायची. केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे एवढे आकार आहेत की सुपारी कातरण्यासाठी माणसाने इतका विचार केला, याचंच नवल वाटतं. पान हे देवळातल्या विड्यापासून निकाहाच्या बैठकीपर्यंत सगळीकडे लागायचं. ते पुरवणारा तांबोळी या गावांना परका कसा असेल?

तिथेच मस्तानी महाल बघा. कोथरूडच्या वाड्याचे अवशेष आणून तो उभा केलाय. मस्तानीची सिनेमातली गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिचा मुलगा समशेर बहादूर फारसा कुणाला माहीत नसतो. तो मुस्लिम म्हणून वाढला आणि १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. तिथे झालेल्या जखमांनी तो गेला.

दुसरं, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आत शिरण्याआधी पाच मिनिटं बाहेर उभे राहा. १९०५ साली पायाभरणी झाली, इमारत १९१४ पर्यंत तयार झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं आणि १९२२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. वास्तुकार जॉर्ज विटेट. वरचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला, आणि आतलं काही लाकूडकाम नाशिकच्या एका वाड्यातून आणलेलं. इमारत हाच पहिला नमुना समजा.

आत शस्त्रांचं दालन आहे. तलवारीच्या पाटीवर राजाचं नाव असतं, तिला धार आणि जिल्हई देणाऱ्या शिकलगाराचं नसतं. पण शिकलगारांची गोष्ट पुढे कुठे गेली बघा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा मिरजेचे फरीदसाहेब हे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा, लाकूड आणि तारांवर त्यांचा हात बसला. त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या तंबोऱ्यावर महाराष्ट्रातले मोठमोठे गवई गायले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धंदा बुडाल्यावर नवं कौशल्य शिकण्याबद्दल आमच्या क्षेत्रात रोज भाषणं होतात. मला त्यासाठी मिरजेचं उदाहरण पुरतं.

याच संग्रहालयाकडे अकबराच्या काळातली 'अन्वार-ए-सुहैली' या ग्रंथाची सचित्र पानं आहेत. कागदाला प्रकाश सोसत नाही, त्यामुळे दर वेळी ती मांडलेली असतीलच असं नाही. पण त्या ग्रंथाचा प्रवास ऐका. मूळ पंचतंत्र, संस्कृतात. सहाव्या शतकात ते इराणच्या पहलवी भाषेत गेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेलं, 'कलीला व दिम्ना'. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातमध्ये त्याची नवी फारसी आवृत्ती झाली, तीच ही. मग ती अकबराच्या चित्रशाळेत आली. हजार वर्षं कोल्हे, सिंह आणि कावळे सरहद्दी ओलांडत राहिले. यातली कुठली आवृत्ती 'आपली' आणि कुठली 'त्यांची', हे ठरवून दाखवा. म्हणूनच माझी विनंती आहे, फक्त मुघल चित्रं बघून परत फिरू नका. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरच्या मातीच्या बुद्धमूर्तीही बघा. त्याही तुमच्याच आहेत.

तिसरं, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. राणीच्या बागेला लागून आहे. मदनपुरा-नागपाड्यातल्या मुलांना चालत जाता येईल, तरी त्यातली कितीजण आत गेलीत हे विचारून बघा. १८७२ मध्ये उघडलेलं हे मुंबईतलं सर्वात जुनं संग्रहालय. इथे मुंबईतल्या जाती-जमातींचे आणि धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. काम सुरेख आहे, पण जरा सावधपणे बघा. इंग्रजांना माणसं पगडी, पेहराव आणि जातीवरून ओळखायची होती. एक माणूस, एक रकाना. मी डेटाबेस बनवतो, त्यामुळे ही चूक मला लगेच दिसते. मराठी बोलणारा, विणकाम करणारा, नमाज पढणारा आणि उरुसात कुस्ती खेळणारा माणूस कुठल्या एका रकान्यात टाकाल? बुधवारी हे संग्रहालय बंद असतं.

चौथं थोडं लांब, हैदराबादचं सालारजंग संग्रहालय. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान १९४९ साली वारले आणि १९५१ मध्ये त्यांचा संग्रह लोकांसाठी खुला झाला. तिथे दर तासाला घड्याळापुढे गर्दी जमते, कारण आतून एक छोटा माणूस येऊन टोले देतो. संगमरवराच्या 'व्हेल्ड रिबेका'पुढेही गर्दी असते. ते बघाच, पण बिदरी कामासाठी वेळ राखून ठेवा. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरतात आणि खाचांत चांदी ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने भांडं घासतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच चमकत राहते. रंग कुठेच लावलेला नाही, सगळी रसायनाची करामत. हे काम मुस्लिम आणि लिंगायत कारागीर करत आले. पाटीवर मात्र बहुतेक ठिकाणी फक्त 'बिदर' आणि शतक. एक सूचना, हे संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. जुम्म्याच्या सुट्टीचा बेत करून गेलात तर दारावरून परत याल.

आता दोन कामं सांगतो.

पहिलं, एकटे जाऊ नका. अम्मीला, खालाला, दादीला घेऊन जा. आपल्या घरातल्या बायकांनी लग्नकार्यं आणि दर्गे याशिवाय प्रवास किती केला असेल? आणि केळकर संग्रहालयातल्या अर्ध्या वस्तू कशा वापरायच्या हे पाटीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. त्या बोलायला लागल्या की फोनवर रेकॉर्ड करा.

दुसरं, घरी आल्यावर ट्रंक उघडा. जुनं पानदान, मागाचा धोटा, मोडीतला एखादा कागद, आजोबांचा वजनकाटा, काहीही असेल. भंगारात देण्याआधी फोटो काढा आणि पाच ओळी लिहा. वस्तू काय, कुणी बनवली, कुणी वापरली, कुठल्या गावात आणि त्या गावात तिला काय म्हणायचे. संग्रहालयातल्या पाटीवर आपल्या माणसांची नावं राहून गेली असतील, पण घरातल्या वस्तूची पाटी लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि पुन्हा कुणी विचारलं, "मराठी कुठे शिकलात?" तर चिडू नका. म्हणा, रविवारी वेळ आहे का? चला, आमच्या आजीचा अडकित्ता दाखवतो.