रात्री झोप लागली का, एवढं विचारा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. दहावी नापास, सूतगिरणीत रिंग खात्यात काम करणारा माणूस. आज जे सांगणार आहे, त्यातलं काही वाचून आणि डॉक्टरांना विचारून कळलं. बाकीचं घरातला एक माणूस गमावल्यावर कळलं.

माझा धाकटा भाऊ. वडील पिऊन आले की मार त्यालाच. मी थोरला, गल्लीत पळून जायचो; तो खाटेखाली लपायचा. विशी ओलांडली आणि त्याची झोप उडाली. मी रात्रपाळी करून सकाळी घरी यावं, तर हा जागाच. मी म्हणायचो, "काय रे, पाळी तुझी का माझी?" सगळे हसायचे. पुढे तो म्हणू लागला, शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात, भिंतीतून आवाज येतात. आम्ही अंगारे-धुपारे केले, त्यात वर्ष गेलं. मग इस्पितळ. औषधांनी आवाज कमी झाले, तो घरी आला, आम्ही पेढे वाटले. पण झोप पुन्हा गेली. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. सहाव्या आठवड्यात त्याने आपला जीव संपवला. साल १९९८.

बंधूंनो, या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. एका देहात दोन माणसं, असा त्याचा अर्थ नाही. नसलेले आवाज ऐकू येणे, खोटा संशय पक्का बसणे, विचारांची संगती तुटणे, माणसांतून मन उठणे, ही त्याची लक्षणं. जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला तो आहे. म्हणजे आपल्या वस्तीतही आहे. हे नाव १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर या डॉक्टरांनी दिलं. १९११ च्या ग्रंथात त्यांनी लिहून ठेवलं, की आत्महत्येची ओढ हे या आजाराचं सर्वांत गंभीर लक्षण आहे. आजही शंभर रुग्णांतले सुमारे पाच जण असे जातात. धोका जास्त असतो तो आजाराच्या पहिल्या वर्षांत आणि इस्पितळातून घरी आल्यावरच्या आठवड्यांत. डोकं थोडं ताळ्यावर येतं आणि शिक्षण गेलं, नोकरी गेली, लग्न मोडलं हे माणसाला स्पष्ट दिसू लागतं. आपण पेढे वाटत असतो, तो मनात हिशेब मांडत असतो.

आता लहानपणाचं. २०१२ साली वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. ज्यांनी लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड सोसली, त्यांच्यात अशा आजाराचं प्रमाण सुमारे पावणेतीन पट दिसलं. मार खाल्लेलं प्रत्येक मूल आजारी पडतं, असा याचा अर्थ नाही. आनुवंशिकता आहे, मेंदूच्या वाढीतले दोष आहेत, गांजासारखं व्यसन आहे, कारणं अनेक. आणि आईवर खापर तर अजिबात फोडू नका. १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइखमान या डॉक्टर बाईंनी आईच्या वागण्याकडे बोट दाखवलं होतं. ते मत पुढे टिकलं नाही, पण तोवर हजारो आया अपराधी ठरल्या.

तरी लहानपणचा मार आत राहतो. रात्र झाली की मार बसणार, हे ज्या लेकराच्या अंगात भिनलं, ते मोठेपणीही रात्री कान टवकारून पडतं. झोप मोडली की संशय वाढतो, निराशा वाढते. आणि रात्री तीन वाजता बोलायला कुणी नसतं. ब्रिटनमध्ये २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निद्रानाशावर विचार आणि सवयी सुधारण्याचा उपचार केला, तर झोप सुधारलीच, शिवाय संशय आणि भास हेही कमी झाले. ते विद्यार्थी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण नव्हते, हे ध्यानात ठेवा. पण झोप हा किरकोळ विषय नाही, एवढं त्यातून शिकायला मिळतं. आजार उलटण्याआधीही पुष्कळदा पहिली जाते ती झोपच.

मग आपण काय करायचं? एक, रोज सकाळी विचारा, रात्री झोप लागली का? दोन-तीन रात्री गेल्या तर डॉक्टरांना कळवा. तारखेची वाट बघू नका. औषध आपल्या मनाने बंद करू नका. काही औषधांनी पायांत, अंगात विलक्षण तगमग होते. ती "नाटकं" नव्हेत, तेही सांगा. क्लोझापिन नावाचं औषध या आजारात आत्महत्येचा धोका कमी करतं, असं मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. त्याला नियमित रक्ततपासणी लागते. द्यायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील. आपण विचारायला लाजू नये.

दोन, सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने ते खूळ डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, गोळ्या आणि विषारी वस्तू कुलपात ठेवा, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या नंबरवर फुकट, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येतं.

तीन, साखळी नको, कोंडणं नको. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे मनोरुग्णांच्या एका खाजगी निवासाला आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आलं नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी आहे. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं. त्याला उपचार देणं सरकारचं काम आहे. पोलीस केसच्या भीतीने कुणी लपवू नये.

आणि चार, आज रात्री घरी गेल्यावर लेकरावर हात उचलू नका. त्याने निजताना भिऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

माझा भाऊ एका प्रश्नाने वाचला असता, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तो प्रश्न मी विचारला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही विचारा.

जयभीम.