गरोदर माता आणि मिश्री



गरोदर स्त्रीने विडी ओढू नये, हे सर्वांस पटते. परंतु आपल्या खेड्यांत विडी ओढणाऱ्या स्त्रिया थोड्या, मिश्री लावणाऱ्या पुष्कळ. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ही पूड दंतमंजन समजली जाते; म्हणून तिला व्यसन कोणी म्हणत नाही.

भाजल्याने तंबाखूतील निकोटिन नाहीसे होत नाही. ते हिरड्यांवाटे रक्तात उतरते व वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्रीसारखी, न ओढता वापरावयाची तंबाखू घेणाऱ्या मातांची अर्भके सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. अकाली प्रसूतीही त्यांच्यात अधिक आढळल्या.

यात शाळेचा संबंध कोठे येतो? आईची पुडी आणावयास पुष्कळदा मूलच दुकानी धावते. वास्तविक अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. ही गोष्ट पालकसभेत स्पष्ट सांगावी.

मात्र मातेस दोष देऊ नये. मिश्री सोडताना आरंभी डोके दुखते, चिडचिड होते. हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, हे तिला आधी कळलेले बरे. सासूची डबी फळीवर असताना एकट्या सुनेने निग्रह तरी किती करावा? म्हणून सभेस दोघींनाही बोलवावे. येणाऱ्या नातवंडासाठी सासूने आपली डबी दूर केली, तर सुनेचे निम्मे कार्य तेथेच झाले.