हरकत नसलेला घटस्फोट



घटस्फोटाचा विषय निघाला की जूचंद्रला काय किंवा वसईला काय, कोणीतरी हमखास विचारतो, "अहो, समोरच्याची हरकतच नाही, मग पुरावा कशाला?" याचे उत्तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमात आहे. दाव्याला कोणी हरकत घेवो वा न घेवो, कारण शाबीत झाल्याची न्यायाधीशांची खात्री पटली पाहिजे.

हा हट्ट कशासाठी, ते आम्ही एका जुन्या दाव्यावरून सांगतो. मुंबईच्या एका गृहस्थांनी १९५१ साली तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या कायद्याखाली घटस्फोट मागितला. पत्नी चार वर्षे आपल्याला टाकून जळगावला माहेरी राहिली, हे कारण. पहिल्या न्यायालयाने हुकूमनामा दिलाही. पण बाई लढल्या. उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने पतीचे अपील फेटाळले. पुराव्यात एक तार होती; तिला पाठवू नका, असे पतीनेच सासरेबुवांना कळवले होते! घर सोडणे निराळे आणि कायमचे सोडण्याचा हेतू निराळा. दोन्ही शाबीत व्हावी लागतात. बाई गैरहजर राहिल्या असत्या, तर त्या तारेविषयी कोणी विचारले असते?

म्हणून एकतर्फी दाव्यात समन्स खरोखर पोहोचले का, हे आधी पाहतात. नुसते 'छळ केला' लिहून भागत नाही. केव्हा, कोठे, कोणादेखत, हे सांगावे लागते. पत्रे, शेजाऱ्याची साक्ष उपयोगी पडते. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनाम्याची खबर लागल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करून मागता येतो.

दोघेही मनापासून राजी असतील तर खोटी भांडणे रचूच नयेत. १९७६ पासून परस्परसंमतीचा रस्ता खुला आहे. वर्षभर वेगळे राहून दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा सांगायचे. योग्य प्रकरणी ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले. संमती दडपणाने घेतलेली नाही ना, हे तेथेही पाहतातच.

राहिली काडीमोड. ज्या समाजात तशी रूढी आहे, तेथे २९ व्या कलमाने ती राखली आहे. पण रूढी शाबीत करावी लागते. पंचांच्या सह्यांचा स्टँपपेपर त्याला पुरत नाही, आणि त्या भरवशावर केलेले दुसरे लग्न गुन्हा ठरू शकते. असा कागद कोणाच्या पेटीत असेल, तर पुढची सोयरीक जुळवण्याआधी तो वकिलाला दाखवून घ्यावा.