विमान दुरुस्तीचा कोर्स : पैसे भरण्याआधी

(कापडे, ता. पोलादपूर येथील बचत गटाने रेडिओवर केलेले भाषण)

आम्ही कापडे गावच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. एरवी आम्ही नाचणीच्या पापडांवर नाहीतर परसबागेवर बोलतो. आज विमानावर बोलणार आहोत. हसू नका बरं, या विमानापायी आमच्या गटाचे पंचवीस हजार रुपये गेलेत.

झालं असं. आमच्यातल्या एका ताईंची मुलगी दहावी पास झाली. मुलगी हुशार. घरातला मिक्सर असो, शिलाई मशीन असो, खोलून नीट करून देणारी. तेव्हा नवी मुंबईचा विमानतळ बांधून होत होता. आपल्याच रायगड जिल्ह्यातला, त्यामुळे घरोघरी त्याचीच चर्चा. पुढे ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. पण त्याआधीच एका संस्थेचं रंगीत माहितीपत्रक गावात आलं होतं. दहावी पास चालेल, सहा महिन्यांत विमान मेकॅनिक, नोकरीची हमी!

ताईंनी मासिक सभेत कर्ज मागितलं. मुलीच्या शिक्षणाला नाही कोण म्हणणार? आम्ही ठराव लिहिला, सह्या केल्या, पैसे दिले. संस्थेची मान्यता कोणाची, हे एकीनेही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी गणपतीला मुंबईहून एक काका गावी आले. त्यांचा जन्म विमानांच्या दुरुस्तीत गेला. त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, "बाळा, संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का?" मुलीने चौकशी केली. मान्यता नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत, आणि मुलीचं वर्ष गेलं ते वेगळंच.

मग आम्ही काकांना गटाच्या सभेला बोलावलं. त्यांनी जे समजावलं ते तुम्हाला सांगतो.

डीजीसीए म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. दुरुस्ती झाल्यावर विमान उडायला योग्य आहे अशी सही करावी लागते. ती सही परवाना असलेल्या माणसानेच करायची, आणि तो परवाना फक्त डीजीसीए देते. संस्था देते ते कोर्स केल्याचं प्रमाणपत्र. आम्ही या दोन्ही गोष्टी एकच समजत होतो, आणि तिथेच फसलो.

पूर्वी हे परवाने १९३७ च्या विमान नियमावलीतल्या जुन्या पद्धतीने मिळत. नंतर युरोपच्या धर्तीवर नवे नियम आले. परवान्याच्या नियमांना कार-६६ म्हणतात आणि शिकवणाऱ्या संस्थांच्या नियमांना कार-१४७. त्यात कामाचे वर्ग पाडलेत. छोट्या ठरावीक कामांसाठी ए, इंजिन आणि सांगाड्यासाठी बी-१, वीज आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी बी-२, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर पूर्ण विमानाच्या सहीसाठी सी.

हा बदल जुन्या माणसांनाही जड गेला. काका म्हणाले, हातात कसब होतं, पण परवाना नव्या वर्गात बदलून घेताना कुणाला पुन्हा परीक्षेला बसावं लागलं, तर कुणाच्या परवान्यावर मर्यादा आल्या. वीस वर्षं पाना धरलेला माणूस संध्याकाळी मुलांसारखा पुस्तक घेऊन बसायचा.

आम्ही विचारलं, एवढं कडक कशाला? तेव्हा त्यांनी इंग्लंडची गोष्ट सांगितली. १० जून १९९० ला एका विमानाची पुढची काच उडत्या विमानातून निखळली. पायलट अर्धा बाहेर ओढला गेला. सोबत्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहपायलटने विमान उतरवलं आणि सगळे वाचले. कारण काय निघालं? काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला बारीक लागले होते. फरक पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. जुन्या बोल्टशी नवे नजरेने जुळवले होते, पुस्तकात पाहिलं नव्हतं. म्हणून आता थकवा, घाई, रात्रपाळी यांतून माणसाच्या हातून चूक कशी होते, हाही परीक्षेचा एक विषय आहे.

आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात पडला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. ज्याच्यावर लोक विश्वासाने पाय ठेवतात, त्याची तपासणी किती काटेकोर हवी, हे आपण भोगलंय. त्यामुळे नियम सैल करा असं आमचं म्हणणं नाही.

पण आपल्या मुलींच्या वाटेतल्या अडचणी सांगायलाच हव्यात. पहिली, बारावी विज्ञान हवी, भौतिक, रसायन आणि गणितासह. म्हणजे निर्णय दहावीलाच घ्यावा लागतो. आपल्याकडे कॉलेज लांब, शेवटची एसटी चुकली की मुलगी अडकते, म्हणून आपणच तिला जवळचं आर्ट्स घ्यायला सांगतो. दुसरी अडचण इंग्रजीची. विमानाची पुस्तकं आणि परीक्षा दोन्ही इंग्रजीत. तिसरी, बी-१ किंवा बी-२ चा मान्य कोर्स २४०० तासांचा. प्रत्येक विषयात १०० पैकी ७५ गुण मिळाले तर पास. आपल्या ३५ गुणांच्या हिशोबाने चालत नाही.

चौथी अडचण सगळ्यात मोठी. कोर्स आणि परीक्षा झाल्यावरही चालत्या विमानांवर दोन वर्षं काम केल्याचा अनुभव लागतो. ती जागा मिळाली नाही तर परवाना नाही, आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू. फी लाखांच्या घरात असते, त्यामुळे हे आधीच विचारायला हवं.

म्हणून आमच्या गटाने ठराव केलाय. कोणत्याही कोर्ससाठी कर्ज देण्याआधी चार प्रश्न विचारायचे. मान्यता कोणाची, आणि ती डीजीसीएच्या यादीत दिसते का? मान्यता कोणत्या वर्गासाठी आहे? अनुभवाचं काम कुठे मिळणार, आणि ते लेखी देता का? प्रवेश सोडला तर किती पैसे परत? ही यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, गावातला कोणीही शिकलेला मुलगा-मुलगी मोबाइलवर पाहून देईल. उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहायची, मगच सह्या.

ती मुलगी यंदा बारावी विज्ञानाला आहे. पहाटे उठून एसटीने जाते. गणितात बरी आहे, इंग्रजीसाठी धडपडते. ती विमानाकडे वळेल की दुसरीकडे, हे तिचं तिने ठरवायचंय. तिची आई अजून त्या पंचवीस हजारांचे हप्ते फेडतेय. आम्ही व्याज माफ केलं, कारण ठरावावर सह्या आम्हा सगळ्यांच्या होत्या. मुद्दल ती आपणहून भरते, एक महिना चुकवलेला नाही.

तुमच्या गावात असं माहितीपत्रक आलं तर ते पुढच्या सभेत सगळ्यांसमोर वाचा. लाजू नका, प्रश्न विचारा. आम्ही विचारले नाहीत, म्हणून आज सांगतोय.