खो-खो शिकविणारी चित्रफीत

सोलापूर जिल्ह्यांतील श्रोत्यांस खो-खो हा खेळ नव्यानें सांगावयास नको. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेला पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनीं जिंकला. असे सामने मुलें घरबसल्या पाहतात. परंतु पाहणें निराळें आणि शिकणें निराळें.

चित्रांच्या साहाय्यानें व्यायाम शिकविण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. द. चिं. मजुमदार ह्यांनीं १९३६ पासून बडोद्याहून काढलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ प्रसिद्धच आहे. मात्र स्थिर चित्रांत पवित्रा दिसतो. एका पवित्र्यांतून दुसऱ्यांत कसें जावें, तें दिसत नाहीं. ही उणीव चित्रफीत भरून काढूं शकते.

त्यासाठीं एका फितींत एकच धडा असावा. ‘खो देणें’ हाच घ्या. परंपरागत नियमांप्रमाणें पाठलाग करणाऱ्या नवांपैकीं आठ जण मधल्या पाटीवर आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात. खो पाठीमागूनच, स्पर्श व शब्द ह्या दोहोंनीं द्यावयाचा असतो. त्यापूर्वीं बसलेल्यानें उठावयाचें नसतें. कॅमेरा समोर ठेवला, तर देणाऱ्याचा हात बसलेल्याच्या शरीराआड लपतो. म्हणून तो बाजूस, गुडघ्याच्या उंचीवर ठेवावा. आणि उठलेल्या खेळाडूचा मार्ग दाखविण्यासाठीं तीच क्रिया पुन्हां उंचावरून टिपावी. सेकंदास १२० चित्रें घेऊन तीं २४ च्या गतीनें दाखविलीं, म्हणजे हालचाल पांचपट संथ होते आणि पाय केव्हां उचलला हें स्पष्ट कळतें. नेहमींच्या गतीच्या दृश्यांत मात्र संगीत घालूं नये. ‘खो’चा उच्चार स्पर्शाबरोबर होतो कीं नाहीं, हें कानांनींच समजतें. शेवटीं चूकहि दाखवावी: शब्दापूर्वींच उठलेला खेळाडू पाहिला, कीं नियम मनावर ठसतो.

सूर मारण्याच्या धड्यांत अधिक सावधगिरी हवी. दोन क्षणांची ती झेप पाहून एखादें मूल कठीण मुरमाड जमिनीवर एकटेंच उडी घेईल आणि मनगट मोडून घेईल. ह्यास्तव फितीचा आरंभ झेपेनें न करतां मऊ मातीनें करावा. प्रथम बैठकींतून पुढें झेपावणें, मग चालतां चालतां, आणि शेवटीं धांवतांना, असा क्रम ठेवावा. प्रत्येक वेळीं मान वर राहिली पाहिजे. जवळ शिक्षक उभा असल्याचेंहि चित्रांत दिसावें. चित्रित होणाऱ्या मुलांच्या पालकांची संमति आधीं घेणें, हेंहि ह्याच कर्तव्यांत मोडतें.

चित्रफीत शंभर वेळां तोच धडा न कंटाळतां दाखविते. हा तिचा मोठा गुण होय. परंतु मूल तिला पाहतें, ती मुलाला पाहूं शकत नाहीं. त्याचा पाय कोठें चुकला, हें ओळखून खांद्यावर हात ठेवणारा मनुष्य मैदानावरच भेटतो. फितीनें मुलाला त्या मैदानापर्यंत आणून सोडलें, तर तिचें काम झालें.