लहान वृद्धनिवासाची पारख



आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतःचे घर सोडून परक्या छपराखाली राहावयास जाणे, ही गोष्ट आपल्या समाजाने अद्याप सहजपणे स्वीकारलेली नाही. तथापि कुटुंबे लहान झाली, मुले नोकरीनिमित्त दूरदेशी गेली आणि आयुर्मान वाढले. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या देशात दहा कोटींहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे ८.६ टक्के होती. अशा स्थितीत वृद्धनिवास ही अनेक कुटुंबांची निकड झाली आहे आणि त्याची निवड डोळसपणे होणे अगत्याचे आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९ मध्ये, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असलेले वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावे, अशी तरतूद आहे. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबे शोध घेतात तो बहुधा एखाद्या बंगल्यात चालणाऱ्या, दहा-पंधरा जणांच्या लहान निवासाचा. अशा ठिकाणी घरपण असते. कोणाला चहा बिनसाखरेचा लागतो, कोणाला भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते, हे स्वयंपाकीणबाईंना तोंडपाठ असते. हाच लहानपणाचा गुण. आणि दोषही त्यातच दडलेला असतो. सारा कारभार दोन-तीन माणसांच्या हातावर चालतो. ती माणसे रजेवर गेली, आजारी पडली किंवा काम सोडून गेली, तर काय होते? लहान निवासाची पारख करताना हा प्रश्न सर्वप्रथम विचारला पाहिजे.

संस्थेची न्यास म्हणून नोंदणी आहे, हे प्रमाणपत्र अवश्य पाहावे. मात्र नोंदणी म्हणजे शुश्रूषेच्या दर्जाची हमी नव्हे. दर्जा कळतो तो प्रत्यक्ष भेटीत. पहिली भेट ठरवून घ्यावी. दुसरी मात्र न कळविता, सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्यावी. रात्री जागे कोण असते, त्या व्यक्तीला अंथरुणावरील रुग्णाला उचलण्याचे शिक्षण आहे काय, एखादे आजोबा रात्री दोन वाजता घसरून पडले तर डॉक्टर कोण, वाहन कोणते आणि रुग्णालय किती अंतरावर, याची उत्तरे नेमकी मिळावयास हवीत. ‘काळजी करू नका, आम्ही आहोत’ हे उत्तर पुरेसे समजू नये.

त्यानंतर न्हाणीघर व शौचालय पाहावे. फरशी निसरडी आहे काय, धरावयास भिंतीत दांडे बसविले आहेत काय, रात्री वाटेत दिवा जळतो काय? शौचास उठण्याची धास्ती वाटली, की वृद्ध माणसे पाणी पिणेच कमी करतात आणि त्यातून नवी दुखणी उद्भवतात. औषधांची नोंदवही रोज लिहिली जाते काय, प्रत्येकाची औषधे वेगळी ठेवली जातात काय, मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन आणि जेवण यांच्या वेळा जुळतात काय, हेही तपासावे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते; एरवी पाठीला जखमा होतात. दर महिन्याला वजनाची नोंद होत असेल, तर जेवण अंगी लागते की नाही हे कागदावरच दिसते. आणि तेथील रहिवाशांशी, व्यवस्थापक जवळ नसताना, थोडा वेळ बोलावे.

पैशाचा व्यवहार लेखी व मराठीत असावा. मासिक शुल्कात काय समाविष्ट आहे, रुग्णालयाचा खर्च कोणाचा, अनामत रक्कम केव्हा परत मिळते आणि प्रकृती खालावल्यास निवास सोडावा लागेल काय, हे करारात स्पष्ट असावे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस ठेवून घेण्याची तयारी पुष्कळ ठिकाणी नसते. ती गोष्ट प्रवेशापूर्वीच कळलेली बरी.

या सर्वांत एक व्यक्ती विसरली जाते, ती म्हणजे जिला तेथे राहावयाचे आहे ती. तिला जागा दाखवावी, शक्य तर महिनाभर राहून पाहू द्यावे आणि तिचा नकार गांभीर्याने घ्यावा. प्रवेश झाला म्हणजे मुलांचे उत्तरदायित्व संपत नाही. ज्येष्ठ नागरिकाला सोडून देण्याच्या हेतूने कोठे तरी ठेवणे हा उपरोक्त अधिनियमाच्या कलम २४ अन्वये गुन्हा असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेऊन सांभाळ न केल्यास, कलम २३ अन्वये ते हस्तांतरण रद्द ठरविण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे. सल्ल्यासाठी किंवा तक्रारीसाठी १४५६७ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

ज्या रहिवाशाकडे नातलग नियमितपणे येतात, त्याच्याकडे सेवकवर्गाचेही लक्ष अधिक राहते. म्हणून निवासाची पारख प्रवेशाच्या दिवशी पूर्ण होत नाही. ती दर भेटीत, त्या वृद्ध व्यक्तीची नखे, अंथरूण आणि चेहरा पाहून पुन्हा करावी लागते. हे काम शासनाचा निरीक्षक एकटा करू शकत नाही. ते मुलांनी, शेजाऱ्यांनी आणि गावानेही आपले मानले पाहिजे.