पंच आणि पोशिंदे

‘पंचामुखीं परमेश्वर’ ही म्हण मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून पडलेली असते. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही दुसरी म्हणही तितकीच परिचयाची आहे. या दोन्ही म्हणी एकाच माणसाला लागू करण्याचा प्रसंग आला तर काय होतें, हें पाहावयास क्रीडांगणासारखें दुसरें ठिकाण नाहीं. तेथें पंचाच्या तोंडून निघालेला शब्द अखेरचा मानला जातो. पण त्याच्या ताटांतील पोळी ज्यांच्या घरून येते, त्यांच्याच झगड्याचा निवाडा त्याला करावयाचा असतो.

क्रिकेटच्या चाहत्यांना हा पेंच अगदींच अपरिचित नाहीं. यजमान देशानें पंच नेमावयाचे आणि पाहुण्या संघानें ते निमूटपणें मान्य करावयाचे, ही रीत कसोटी सामन्यांत कित्येक दशकें चालली, आणि तिच्याविषयीं तक्रारीही पुष्कळ झाल्या. १९८६ सालीं लाहोर येथें पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्यांतील कसोटीसाठीं व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर या भारतीय पंचांना पाचारण करण्यांत आलें, तें या तक्रारींना उत्तर म्हणूनच. परंतु तेथें वाद होता तो पंचाच्या राष्ट्राचा. त्याच्या पगाराचा, निवृत्तिवेतनाचा आणि नोकरीच्या शाश्वतीचा प्रश्न खरा चव्हाट्यावर आला तो अमेरिकेंत.

अमेरिकेंत बेसबॉल आणि तेथील फुटबॉल हे खेळ म्हणजे मोठे धंदे आहेत. प्रत्येक संघाला मालक असतो. हे मालक एकत्र येऊन ‘लीग’ नांवाची संस्था चालवितात, आणि पंच त्या लीगचे नोकर असतात. वादी आणि प्रतिवादी यांनीं मिळून न्यायाधीशाचा पगार द्यावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. दोघेही देतात, तेव्हां पंचानें एकाकडे झुकण्याचें कारण उरत नाहीं, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. मात्र वादी-प्रतिवादी एक होऊन पंचाच्याच विरुद्ध उभे राहिले, तर त्याच्या बाजूनें बोलणारा कोणी उरत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

१९६८ सालीं बेसबॉलच्या अमेरिकन लीगचे अध्यक्ष ज्यो क्रोनिन यांनीं अल् सालेर्नो व बिल व्हॅलेंटाइन या दोन पंचांना कामावरून दूर केलें. कारण दिलें तें अकार्यक्षमतेचें. परंतु हे दोघे त्या वेळीं आपल्या सहकाऱ्यांची संघटना उभारण्याच्या खटपटींत होते. प्रकरण राष्ट्रीय कामगार-संबंध मंडळापुढें गेलें. या धंद्यांतील मालक-नोकरांचे तंटे ऐकण्याचा आपल्याला अधिकार आहे, असा निर्णय मंडळानें १९६९ च्या डिसेंबरांत दिला. सालेर्नो व व्हॅलेंटाइन यांना त्याचा लाभ झाला नाहीं; पण त्यांनीं ठोठावलेलें दार मागून येणाऱ्यांसाठीं उघडलें. १९७० च्या ३ ऑक्टोबरला, लीगच्या विजेतेपदाच्या सामन्यांना ज्या दिवशीं आरंभ व्हावयाचा त्याच दिवशीं, पंचांनीं संप केला. पिट्सबर्गच्या मैदानाबाहेर ते फलक घेऊन उभे राहिले. दुय्यम लीगमधील पंच आणून त्या दिवसाचे सामने उरकण्यांत आले. परंतु मालक लगेच वाटाघाटीस बसले आणि तंटा मिटला. १९७९ सालीं मात्र पंच हंगामाच्या आरंभापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत मैदानाबाहेर राहिले. त्या लढ्यांतून त्यांना पगारवाढीबरोबर ऐन हंगामांत विश्रांतीची रजाही मिळाली. त्यांच्या जागीं आलेल्यांपैकीं कांहीं जणांना लीगनें कायम केलें, आणि जुन्या पंचांनीं या नव्या सहकाऱ्यांशीं पुढें कित्येक वर्षें अबोला धरला.

या यशानें आत्मविश्वास वाढला, आणि तोच पुढें घातक ठरला. १९९९ सालीं संघटनेचीं सूत्रें रिची फिलिप्स या वकिलांच्या हातीं होतीं. चालू करारांत संप न करण्याची अट होती. म्हणून संपाऐवजीं निराळीच युक्ति योजण्यांत आली. १४ जुलै रोजीं फिलाडेल्फियाच्या बैठकीनंतर ५७ पंचांनीं २ सप्टेंबरपासून सामुदायिक राजीनामे देत असल्याचें जाहीर केलें. भर हंगामांत मैदानें अडून पडतील या भीतीनें मालक शरण येतील, असा हिशेब होता. बेसबॉलच्या मध्यवर्ती कचेरींतील अधिकारी सँडी ऑल्डरसन यांच्या उत्तराचा आशय असा होता कीं, ही धमकी असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करावें, आणि देणगी असेल तर ती स्वीकारावी. मालकांनीं देणगी स्वीकारली. दुय्यम लीगमधून २५ नवे पंच नेमण्यांत आले. तेव्हां कित्येकांनीं घाईघाईनें राजीनामे मागें घेतले. पण सर्वांना जागा उरली नव्हती, आणि २२ जणांची नोकरी गेली. नोव्हेंबरांत पंचांनीं ५७ विरुद्ध ३५ मतांनीं नवी संघटना निवडली. २००१ सालीं लवादानें २२ पैकीं ९ जणांना परत घेण्याचा निर्णय दिला. उरलेल्या १३ जणांच्या बाबतींत त्यानें मालकांची कृति उचलून धरली.

तेरा वर्षांनीं, २०१२ सालीं, चूक केली ती मालकांनीं. राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्यें त्या वेळीं १२१ पंच होते, आणि वादाचा मुख्य विषय निवृत्तिवेतन हा होता. हमखास निवृत्तिवेतनाची पद्धति बंद करून प्रत्येकाच्या खात्यांत ठराविक रक्कम टाकावी, असा मालकांचा आग्रह होता. तडजोड होईना, तेव्हां जून महिन्यांत त्यांनीं टाळेबंदी पुकारली आणि बदली पंच शोधले. मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांतील पंच आले नाहींत. आले ते लहान महाविद्यालयांच्या आणि शाळांच्या सामन्यांवर काम करणारे. त्यांना दोष देणें योग्य होणार नाहीं. त्यांच्यांतच शॅनन ईस्टिन या होत्या, आणि लीगच्या नियमित सामन्यांत पंच म्हणून उतरलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. परंतु अवघड काम अपुऱ्या तयारीच्या माणसांवर येऊन पडलें होतें. न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यावर नेमलेला एक बदली पंच त्याच संघाचा उघड चाहता असल्याचें आढळलें, आणि सामना सुरू होण्यास थोडाच अवकाश असतांना त्याला हटवावें लागलें.

२४ सप्टेंबरच्या रात्रीं सिॲटल येथें या प्रकरणाचा कळस झाला. शेवटच्या क्षणीं ग्रीन बेचा संघ १२–७ असा पुढें होता. सिॲटलच्या खेळाडूनें लांबवर फेकलेल्या चेंडूवर दोन्ही संघांच्या खेळाडूंनीं एकदमच झडप घातली. शेजारीं उभ्या असलेल्या दोन पंचांपैकीं एकानें गुण झाल्याची खूण केली, तर दुसऱ्यानें खेळ थांबल्याची. सिॲटलला १४–१२ असा विजय देण्यांत आला. त्या झटापटींत सिॲटलच्या खेळाडूनें प्रतिस्पर्ध्याला ढकललें होतें व तो दोष धरला जावयास हवा होता, हें लीगनें दुसऱ्या दिवशीं मान्य केलें. निकाल मात्र तसाच राहिला. सरकारी नोकरांच्या संघटनांचे कट्टर विरोधक म्हणून प्रसिद्ध असलेले विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनींही जुने पंच परत आणा, अशी मागणी केली. दोन दिवसांत समझोता झाला. चालू पंचांचें निवृत्तिवेतन २०१६ पर्यंत पूर्ववत् राहिलें. २०११ सालीं सरासरीनें १,४९,००० डॉलर असलेलें वार्षिक वेतन २०१९ पर्यंत २,०५,००० डॉलरांवर न्यावयाचें ठरलें. २७ सप्टेंबर रोजीं बाल्टिमोरच्या मैदानावर जुने पंच उतरले, तेव्हां एरवीं त्यांना शिव्याशाप देणारे प्रेक्षक टाळ्या वाजवीत उभे राहिले.

एके ठिकाणीं पंच हरले आणि दुसरीकडे मालकांना नमावें लागलें, याचें कारण शोधणें कठीण नाहीं. बेसबॉलच्या दुय्यम लीगमध्यें त्याच कामाचें शिक्षण घेतलेले पंच वर्षानुवर्षें बढतीची वाट पाहत होते. फुटबॉलच्या मालकांपाशीं अशी तयार फळी नव्हती. शिवाय १९९९ सालीं पंचांनीं आपलें पद स्वतःच्या हातानें सोडलें, आणि जें सोडलें त्यावर हक्क सांगणें त्यांना जड गेलें. २०१२ सालीं कुलूप मालकांनीं लावलें होतें, आणि त्याचा जाब प्रेक्षकांनीं त्यांनाच विचारला.

पंचाच्या कामाची मजुरी ठरविणें अवघड आहे, कारण तें काम उत्तम झालें म्हणजे तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. परंतु उद्यांच्या पोळीची ज्याला धास्ती आहे, त्यानें आज बलिष्ठ संघाविरुद्ध निर्भयपणें बोट उचलावें, ही अपेक्षा फार मोठी आहे. पंचाच्या निवृत्तिवेतनांत मालक जी काटकसर करतात, तिचें मोल अखेर सामन्याच्या निकालाला द्यावें लागतें. त्यासाठींच पंचाच्या भाकरीची चौकशी करणें हें तिकीट काढून मैदानावर बसणाऱ्या प्रेक्षकाचेंही काम आहे.